रडून घे, मग पावत्या काढ

फसल्याचं लक्षात आलं की बायका पहिल्यांदा काय करतात, ठाऊक आहे? रागारागाने त्या योजनेचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडतात, मेसेज पुसतात आणि एजंटचा नंबर ब्लॉक करतात. तू यातलं काही एक करायचं नाहीस. ‘सोमवारपर्यंत पैसे जमा होतील’ असं ग्रुपवर कुणी लिहिलं, परताव्याचा तक्ता कुणी टाकला, हॉलमधल्या त्या झगमगीत कार्यक्रमाचे फोटो कुणी पाठवले, हे सगळं उद्या पुरावा म्हणून लागणार आहे. फोन बदलायचा नाही, रीसेट करायचा नाही, आणि मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर आत्ताच्या आत्ता बंद कर. केलंस? आता बस जरा, पाणी पी. रडू येत असेल तर रडून घे, पण नंतर आपल्याला पावत्या काढायच्या आहेत.

खरं सांगू का, पैशापेक्षा तुला लाज जास्त छळतेय. इतकी शिकलेली मी, बँकेचे व्यवहार स्वतः बघणारी मी, आणि माझंच असं कसं झालं, हेच डोक्यात फिरतंय ना? अगं, ६ जानेवारी २०२५ ला दादरला टोरेसच्या दुकानाबाहेर माणसांचा लोंढा उसळला होता, तो टीव्हीवर आपण सगळ्यांनीच बघितला. मोइसनाइटचे खडे घ्या, दर आठवड्याला पैसे मिळतील, असं सांगून लोकांकडून रकमा घेतल्याचा आरोप होता. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, मग तपास मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. त्या गर्दीत सगळ्या थरातली माणसं होती. या योजना अशाच रचलेल्या असतात की सुरुवातीचे हप्ते चोख मिळतात. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या पानात वाढायचं, आणि पंगत मोठी होत राहील तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तुलाही पहिले काही आठवडे पैसे मिळाले होते, म्हणूनच तू पुढची रक्कम टाकलीस. यात मूर्खपणा नाही, फसवणारा नेमक्या याच भरवशावर धंदा करतो. तेव्हा स्वतःला बोल लावणं आजपुरतं पुरे. आणि हो, झालं गेलं अक्कलखाती टाकून मोकळी होऊ नकोस. मी होऊ देणारही नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घे, कारण ती कुणी धड सांगत नाही आणि मग माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या दारात उभी राहतात. आर्थिक फसवणुकीच्या प्रकरणाला दोन वाटा असतात. एक शिक्षेची आणि दुसरी पैशांची. गुन्हेगार तुरुंगात गेला म्हणजे पैसे आपोआप परत आले असं होत नाही, आणि पैसे मिळण्यासाठी त्याला शिक्षा होईपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. शिक्षेची वाट सरकार चालतं. तिथे तू फिर्यादी किंवा साक्षीदार असतेस, खटला सरकारी वकील चालवतात. पैशांच्या वाटेवर मात्र तुझी नोंद, तुझे कागद आणि तुझी चिकाटी लागते. बहुतेक जणी पहिल्या वाटेकडेच डोळे लावून बसतात. ‘अटक झाली का’ एवढंच विचारतात. तू विचारायचंस, ‘जप्ती कशावर आली?’

पण आधी शिक्षेची वाट बघू, कारण बहुतेकदा गुन्हा नोंदल्यावरच दुसरी वाट उघडते.

पैसे बुडणं आणि फसवणूक होणं या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. धंदा खरोखर बसला, माणूस कर्जात बुडाला आणि तुझे पैसे देऊ शकला नाही, तर ते बहुधा दिवाणी प्रकरण. फसवणूक तेव्हा, जेव्हा पैसे घेतानाच त्याच्या मनात खोट होती. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात २००० साली हे स्पष्ट केलं, की करारभंग आणि फसवणूक यांतला फरक वचन देतेवेळच्या हेतूवर ठरतो. नंतर वचन मोडलं एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. तू म्हणशील, ताई, दुसऱ्याच्या मनातलं मी कसं सिद्ध करू? तुला करायचं नाहीये गं. ते तपास अधिकाऱ्याचं काम आहे आणि तो ते कागदांवरून करतो. कंपनीला खरा काही धंदा होता का? आधीच्या गुंतवणूकदारांचा परतावा नव्यांच्या पैशातूनच दिला गेला का? जमा झालेली रक्कम दोन दिवसांत कुठे वळवली? परवाना असल्याचं सांगितलं तो होता का? खात्याचे उतारे आणि हिशेबाच्या वह्या तपासल्या की हेतू बाहेर येतो. आणि तुझ्यासारख्या दोनशे जणांना शब्दशः तेच वचन दिलेलं असेल, तर ‘धंद्यात खोट आली’ ही सबब टिकायला जड जाते.

पूर्वीचं चारशेवीस कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना ही नवी संहिता लागते. फसवून मालमत्ता घेतल्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. विश्वासघाताचं कलम ३१६ वेगळं. तिथे पैसे आधी रीतसर विश्वासाने सोपवलेले असतात आणि नंतर त्यांचा अपहार होतो. पण ही कलमं तू तक्रारीत लिहायची नाहीस. घडलं ते घडलं तसं लिही. कुठल्या तारखेला, कुठे, कोण भेटलं, काय बोललं, किती रक्कम, कशाने दिली, काय मिळालं, काय मिळालं नाही. ‘त्या नराधमाने आमच्या कष्टाची कमाई लुटली’ हे खरं आहे, पण त्याने अर्ज लांबतो आणि कामाची माहिती मागे राहते.

पोलीस ठाण्यात जाण्याआधी एक चौकशी कर. या कंपनीविरुद्ध कुठे गुन्हा दाखल झालाय का? झाला असेल तर वेगळा गुन्हा नोंदवायची धडपड करण्यापेक्षा त्याच प्रकरणात तुझी तक्रार आणि जबाब जोडून घेणं सोपं. त्यासाठी गु. र. नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर मिळव आणि तो फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. पुढे जिथे जाशील तिथे पहिला हाच प्रश्न येईल.

गुन्हा दाखल झालेला नसेल आणि ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा’ असं ऐकवलं, तर हिरमुसून परत यायचं नाही. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. आर्थिक व्यवहारांच्या प्रकरणात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा त्यांना आहे, पण तीही अनंतकाळ चालवता येत नाही. म्हणून लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पड. पोचपावतीशिवाय दिलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समज. तरीही हालचाल नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे जातो. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. कंपनी दुसऱ्या गावातली आहे म्हणून तुला परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो योग्य ठिकाणी वर्ग करता येतो. आणि एफआयआरची प्रत तुला फुकट मिळायला हवी, तो तुझा हक्क आहे. मागून घ्यायची, लाजायचं नाही.

आता पावत्या. जेवणाचं टेबल रिकामं कर आणि सगळे कागद पसर. कंपनीच्या पावत्या, प्रमाणपत्रं, करारपत्र, माहितीपत्रक, एजंटचं व्हिजिटिंग कार्ड. बँकेतून त्या काळाचा शिक्क्यासह प्रमाणित उतारा आण. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटपेक्षा त्याला जास्त किंमत आहे, कारण बँकेच्या वह्यांचा पुरावा ग्राह्य धरण्याबद्दल आपल्याकडे १८९१ पासून वेगळा कायदाच आहे. मग एका कोऱ्या कागदावर तक्ता कर. तारीख, दिलेली रक्कम, कशाने दिली, मिळालेला परतावा. खाली वजाबाकी कर. मिळालेला परतावा लपवायचा मोह होतो, मला माहितेय, पण तो आकडा कंपनीच्या वहीत असतोच. तुझा आणि त्यांचा हिशेब जुळला नाही तर तुझ्याच शब्दावर शंका येते. रोख दिलेली रक्कम असेल तर तीही लिही. त्या दिवशी बँकेतून काढली होती का, कुणाकडून उसनी घेतली होती, सोनं मोडलं होतं का, त्याची पावती शोध. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत. पोलिसांनी मागितले तर पंचनाम्यात किंवा पोचपावतीवर नोंद करून द्यायचे आणि प्रत आपल्याकडे ठेवायची.

व्हॉट्सअॅपच्या मेसेजचं थोडं वेगळं आहे. कॉम्प्युटर किंवा फोनमधली नोंद छापून न्यायालयात द्यायची तर तिच्यासोबत एक ठरावीक प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते कलम ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे. हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा गाजलेला निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आला, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातून. म्हणजे बघ, निवडणूक अर्ज वेळेत भरला की नाही या भांडणातला निकाल आज तुझ्या स्क्रीनशॉटला लागू पडतो. मूळ फोनच न्यायालयात हजर केला तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही, असंही त्यात म्हटलंय. म्हणून तर सुरुवातीलाच ओरडले तुझ्यावर, फोन सांभाळ.

चेकचं विसरलीस ना? ‘काळजी करू नका, हा पुढच्या तारखेचा चेक ठेवा’ असं म्हणून त्यांनी हातात दिलेला? तो कपाटात पडलेला असेल तर आज काढ. चेकची मुदत तीन महिने असते. तो भरून परत आला, तर बँकेचा परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या महिन्याभरात न्यायालयात तक्रार करायची. परत आलेल्या चेकबद्दलच्या कलम १३८ चा हा सगळा खेळ तारखांचा आहे. उशीर झाला तर न्यायालय सबळ कारणाने माफ करू शकतं, पण त्या आशेवर कशाला राहायचं? कॅलेंडरवर लाल पेनाने खूण कर.

आता पैशांची वाट. यासाठी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे आणि तो तुझ्यासारख्यांसाठीच आहे. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. ठेवीच्या बदल्यात ठरल्याप्रमाणे पैसे, वस्तू किंवा सेवा लबाडीने परत केली नाही, तर त्या संस्थेच्या कारभाराला जबाबदार असलेल्या माणसांना सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण या कायद्याचा खरा जीव शिक्षेत नाही, जप्तीत आहे. ठेवीदारांच्या तक्रारी आल्या आणि सरकारची खात्री पटली की सरकार आदेश काढून मालमत्तेवर टाच आणतं. ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर असो नाहीतर दुसऱ्या कुणाच्या, ती सुटत नाही. बायकोच्या नावावरचा फ्लॅट, मेव्हण्याच्या नावावरची जमीन, सगळं त्यात येऊ शकतं. तेवढ्याने भागलं नाही तर संचालक आणि प्रवर्तकांच्या इतर मालमत्तेलाही हात घालता येतो. ही मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. तो उपजिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसतो. तीस दिवसांत त्याने विशेष न्यायालयात जप्ती कायम करण्यासाठी अर्ज करायचा असतो. न्यायालय मालकाचं म्हणणं ऐकतं, त्या मालमत्तेवर आणखी कुणाचा हक्क असेल तर त्याचंही ऐकतं, आणि मग विक्री करून ठेवीदारांत न्याय्य वाटप करायचा आदेश देतं.

म्हणून मी म्हणते, तुझं नाव त्या ठेवीदारांच्या यादीत असलंच पाहिजे. कुणीतरी तक्रार केलीय ना, मग आपलंही होईल, असं धरून बसू नकोस. सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयातून दावे मागवल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. पत्ता बदलला, फोन नंबर बदलला, बँक खातं बदललं, तर तिथे लेखी कळव. अशा प्रकरणांत माणसं घरं बदलतात, म्हातारे ठेवीदार जातात आणि वारसांना काहीच माहीत नसतं. आईच्या नावावर ठेव आहे ना तुमची? मग त्या फाइलबद्दल भावालाही सांगून ठेव.

किती दिवस लागतील, विचारतेस. गोड बोलून मी तुला फसवणार नाही, पुष्कळ लागतात. एनएसईएलचं प्रकरण घे. मुंबईतल्या त्या कमोडिटी बाजाराचे व्यवहार ३१ जुलै २०१३ ला थांबले. साधारण ५,६०० कोटी रुपये अडकले. हजारो गुंतवणूकदार. एमपीआयडी खाली प्रवर्तक कंपनीची मालमत्ता जप्त झाली, कंपनीने आव्हान दिलं, उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली, आणि शेवटी २२ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा कायदा इथे लागू पडतो. हा प्रश्न सुटायलाच इतकी वर्षं गेली. पण त्या निकालाने तुझं एक मोठं काम करून ठेवलंय. ‘ठेव’ या शब्दाची व्याख्या किती रुंद आहे, ते न्यायालयाने स्पष्ट केलं. तेव्हा ‘आम्ही ठेव घेतलीच नव्हती, आम्ही तर खडे विकले’ किंवा ‘हे सभासदत्वाचं शुल्क होतं’ असली पळवाट आता सहजी चालत नाही. हा कायदाच एकदा मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता आणि सर्वोच्च न्यायालयात तो पुन्हा उभा राहिला. इतकं सोसून टिकलेला कायदा आहे हा. मला त्याच्याबद्दल आदर आहे, अंमलबजावणी कितीही रेंगाळली तरी.

आता तो प्रश्न, जो तू फोनवर तीनदा विचारता विचारता गिळलास. मी ऑफिसातल्या दोघींना आणि नणंदेला यात आणलं. मला पकडतील का?

बघ, यात सरसकट उत्तर नसतं. तू स्वतः पैसे टाकलेस, स्वतः गमावलेस, चांगलं वाटलं म्हणून दोघींना सांगितलंस, तर खोट्या हेतूचा मुद्दाच तुझ्याकडे नाही. पण ‘ओळखीचं आणलं’ म्हणून कमिशन घेतलं असेल, सभा घेतल्या असतील, पैसे तुझ्या खात्यातून पुढे गेले असतील, तर तपास अधिकारी तुला प्रश्न विचारणारच. अशा वेळी सगळ्यात वाईट काय, तर ते लपवणं. जबाबात स्वतःहून सांग, किती कमिशन मिळालं, कोणत्या खात्यात, कुणाच्या सांगण्यावरून. पण त्याआधी वकिलाशी एकदा बोल. पोलिसांकडून कागद आला तर तो कोणत्या कलमाखाली आहे ते बघ. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला येते. कलम ३५(३) ची नोटीस ज्याच्यावर संशय आहे त्याला येते. ती आली म्हणून घाबरून फोन बंद करायचा नाही. सांगितल्या दिवशी हजर राहणाऱ्याला, अटकेची गरज का आहे याची कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, हे तर घटनेतच आहे. आणि नणंदेशी बोल. ती चिडेल, चार दिवस बोलणार नाही. तरी तिचा तक्ता तूच करून दे आणि तिला तुझ्याबरोबर ठाण्यात ने. तिचा तुझ्यावरचा राग आणि तिची कंपनीविरुद्धची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीपायी दुसरी राहायला नको.

आईला ठाण्यात न्यावं लागेल याची धास्ती आहे ना तुला? नको नेऊस. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही, याच कलम १७९ मध्ये ते आहे. ती स्वतःहून जायला तयार असेल तर गोष्ट वेगळी. तपासातल्या जबाबावर तिची सही घेत नाहीत, तेही माहीत असू दे, म्हणजे ती गोंधळणार नाही. फक्त लिहिलेलं वाचून दाखवा म्हणायचं आणि रक्कम, तारीख बरोबर उतरलीय ना ते बघायचं. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, असंही त्याच संहितेत आहे. कुणी कळवलं नाही तर तू लेखी विचार.

जामिनाची बातमी आली की ग्रुपवर एकच आकांत होतो. तू त्यात पडू नकोस. ठरल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो. जामीन म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे. ईडीचं नाव ऐकून हुरळूनही जाऊ नकोस. मूळ गुन्हा असल्याशिवाय ईडीचं प्रकरण उभं राहत नाही. त्यांनी जप्त केलेल्या मालमत्तेतून पीडितांना भरपाई देण्याची सोय मनी लाँड्रिंगच्या कायद्यात आहे, पण तिथेही पुन्हा तुझी नोंद आणि तुझे कागदच लागतात.

एक सावधगिरीचं. आठवड्याभरात तुला फोन येतील. ‘आम्ही रिकव्हरी करून देतो, आधी पाच टक्के भरा’, ‘न्यायालयातून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झालीय, प्रोसेसिंग फी लागेल.’ फसलेल्या माणसांच्या याद्या फिरतात गं, आणि अडचणीतल्या माणसाला दुसऱ्यांदा फसवणं सोपं जातं. असा फोन आला की ठेवून दे. त्या नादात ऑनलाइन पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन लाव. तिथे वेळेवर सगळं अवलंबून असतं, कारण रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवावी लागते. आणि कंपनीचा माणूस ‘अर्धे पैसे घ्या, तक्रार मागे घ्या’ म्हणत घरी आला तर काहीही सही करायची नाही. एफआयआर एकदा नोंदली की ती मागे घेणं तुझ्या हातात नसतंच.

वकिलाचा खर्च कुठून आणू, हे मनात आलं असेल. स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं स्पष्ट आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. आधार कार्ड आणि फाइल घेऊन जा, किंवा १५१०० ला फोन कर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आजी म्हणायची ते खरं असेल, पण ठेवीदारांच्या यादीत नाव घालायला तेवढी पायरी चढावीच लागते.

तर आता ऐक. आज संध्याकाळी बँकेच्या उताऱ्याचा अर्ज लिहून ठेव, उद्या सकाळी शाखा उघडली की दे. दुपारी तक्ता पुरा कर आणि मला फोटो पाठव, बेरीज मी तपासते. परवा नणंदेला घेऊन ठाण्यात जा. जाताना अर्जाच्या तीन प्रती ने, एक त्यांना, एक शिक्क्यासाठी आणि एक नणंदेला, म्हणजे तिचा अर्ज लिहिताना तिला नमुना हाताशी राहील.